कॅलिफोर्नियातील कंटिन्युएशन हायस्कूल : विद्यार्थ्यांची संपादणूक व तिच्या मोजमापाचा प्रश्न

अमेरिकेच्या माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात कॅलिफोर्निया राज्यातील ‘कंटिन्युएशन हायस्कूल’ या संस्थेची दखल क्वचितच घेतली जाते. ‘निरंतर शिक्षण’ हा शब्द मराठीत प्रौढांच्या वर्गांसाठी रूढ असल्याने येथे मूळ संज्ञाच ठेवणे इष्ट ठरते.

या शाळांचा उगम कामगार मुलांच्या गरजेत आहे. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने औद्योगिक शिक्षणाच्या संघीय अनुदानातील किमान एक तृतीयांश रक्कम, खर्च होणार असल्यास, चौदा वर्षांवरील कामगारांच्या अंशकालीन वर्गांसाठी राखून ठेवली. त्यानंतर १९१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून, पूर्णवेळ शाळा सोडून नोकरी करणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून चार तास शिक्षण सक्तीचे केले. मुंबईतील रात्रशाळांशी याचे साम्य जाणवते. मात्र तेथे हे शिक्षण कायद्याने लादलेले होते, हा भेद लहान नाही.

१९३० च्या दशकातील महामंदीने हा पायाच काढून घेतला. अल्पवयीनांना मिळणारे काम आटले आणि १९३८ च्या संघीय श्रम कायद्याने बालमजुरीवर निर्बंध आले. नोकरी करणारा विद्यार्थी कमी झाला, संस्था मात्र उरली. मग नियमित शाळेत न रुळणारी, वारंवार गैरहजर राहणारी मुले तेथे येऊ लागली. १९६५ च्या कायद्याने दहा दिवसांहून अधिक काळ निलंबित झालेल्या विद्यार्थ्यांसाठी अशी सोय करण्याची जबाबदारी शाळा जिल्ह्यांवर टाकल्यानंतर या शाळांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांच्यावरील ‘वाया गेलेल्यांची शाळा’ हा शिक्काही गडद झाला. दिएर्द्रे केली यांच्या १९९३ मधील ‘लास्ट चान्स हाय’ या ग्रंथाच्या नावातच हा शिक्का दिसतो.

अध्यापनाची पद्धत मात्र लक्षणीय आहे. येथे साधारणतः सोळा वर्षांवरील, क्रेडिटमध्ये मागे पडलेला विद्यार्थी येतो. त्याला दिवसाला किमान १८० मिनिटे, म्हणजे आठवड्यास पंधरा तास हजेरी पुरते. नियमित हायस्कूलात हीच किमान मर्यादा २४० मिनिटांची आहे. क्रेडिट बाकावर घालवलेल्या वेळावर नव्हे, तर पूर्ण केलेल्या कामावर दिले जाते. त्यामुळे काम करणारा वा घर सांभाळणारा विद्यार्थी आपल्या गतीने तूट भरून काढू शकतो. पण कमी तासांत प्रयोगशाळा, परकीय भाषा, उच्च गणित यांना वाव उरत नाही, आणि विद्यापीठ प्रवेशाची वाट बव्हंशी बंद होते. सवलत आणि वंचना येथे एकाच नियमातून येतात.

२००६ पासून हायस्कूल निर्गमन परीक्षा पदविकेसाठी सक्तीची झाली, तेव्हा या विद्यार्थ्यांवर दुहेरी ओझे पडले; २०१५ मध्ये ती अट स्थगित झाली. संपादणूक मोजण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. अनेक विद्यार्थी येथे काही महिनेच असतात. ऑक्टोबरातील एका दिवसाच्या गणतीत वर्षभराची ये-जा दिसत नाही. चार वर्षांच्या गटावरून पदविकाधारकांचे प्रमाण काढताना विद्यार्थी अखेरच्या शाळेच्या नावे धरला जातो. साहजिकच तूट भरून मूळ शाळेत परतलेल्याचे यश त्या शाळेच्या खात्यात जमा होते, आणि अखेरच्या वर्षी मोठी तूट घेऊन आलेल्याचे अपयश कंटिन्युएशन शाळेच्या. २०१८ च्या सुमारास राज्याने अशा शाळांसाठी केवळ बारावीच्या विद्यार्थ्यांवर आधारित एकवर्षीय प्रमाण स्वीकारले. अकरावीत सावरून परत गेलेला विद्यार्थी त्यातही मोजला जात नाही.