जसबीरची जेनिस

आमच्या गावच्या जत्रेत कर्ण्यावर आधी भजने, मग नाट्यगीते आणि रात्र चढली की हिंदी सिनेमाची गाणी, असा क्रम ठरलेला असे. १९७२ च्या आसपास त्या क्रमात ‘दम मारो दम’ शिरले. रेकॉर्ड अर्ध्यावर असतानाच एका म्हाताऱ्याने ती बंद करायला लावली. मी लहान होतो. त्या गाण्यात देवाचे नाव होते, मग देवळासमोर ते का नको, हे काही मला कळले नाही.

हिंदी सिनेमात तोवर मुलींची सरळ वाटणी झालेली होती. घरातली नायिका वेगळी आणि क्लबात नाचणारी वेगळी. नायिकेला बहुधा लताबाईंचा आवाज. हेलनला आधी गीता दत्त, पुढे आशाबाई. (अपवाद होते. ‘इन्तकाम’मध्ये १९६९ साली लताबाईच हेलनसाठी गायल्या, आणि काय गायल्या!)

गंमत म्हणजे हे दोन्ही आवाज एकाच घरातले, मूळचे आपल्या मंगेशीचे. दीनानाथांच्या आई येसूबाई देवळात सेवा करणाऱ्या. त्या समाजातल्या बाईने गाण्यासाठी तोंड उघडले की गाण्याआधी तिच्या वागण्याची चर्चा होई. हे गोव्याच्या वाचकाला समजावून सांगायला नको. त्याच घराण्यातली थोरली नात देशाला सोज्वळपणाचा नमुना वाटली. धाकटीने १९४९ साली, सोळाव्या वर्षी, घरच्यांना न जुमानता लग्न केले. तिच्या वाट्याला बरीच वर्षे इतरांनी सोडलेली गाणी आली.

मग १९७१ मध्ये देव आनंदचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला. काठमांडूत हिप्पींच्या घोळक्यात बसलेली एक भारतीय मुलगी पाहून त्याला ही कथा सुचली. आईबाप विभक्त झालेली जसबीर घर सोडते आणि जेनिस होते. भावंडांच्या लहानपणीच्या गाण्यात लताबाईंचा आवाज आहे, चिलीम ओढणाऱ्या जेनिसला आशाबाईंचा. सुरुवातीची ती गिटार भूपिंदर सिंग यांची, संगीत राहुलदेव बर्मनचे.

पण खरा धक्का गिटारचा नव्हता. झीनत अमान इथे खलनायकाची नाचणारीण नव्हती, ती नायकाची बहीण होती. राखी बांधणारी! आमच्याकडे कळंगुट, हणजुणच्या किनाऱ्यावर त्याच वर्षांत हिप्पी पडलेले असत. लोक त्यांना बघून हसत, कारण ते परके होते. आपल्या घरची मुलगी त्यांच्यात बसली आहे, हे मात्र कोणालाच सोसण्यासारखे नव्हते.

आकाशवाणीने हे गाणे लावायचे नाकारले. देव आनंदलाही धास्ती असावी, कारण गाणे संपताच तो किशोरकुमारच्या आवाजात त्या पोरांना रामाच्या नावाने उपदेश करतो. शेवटी जसबीर जीव देते. बंडखोर मुलीला गाणे द्यायचे, पण जगू द्यायचे नाही, ही पटकथाकारांची जुनी खोड मला तेव्हाही आवडली नव्हती, आजही आवडत नाही. फिल्मफेअर पुरस्कार मात्र आशाबाईंना याच गाण्यासाठी मिळाला, झीनतलाही याच भूमिकेसाठी.

माझी आतेबहीण त्या वेळी सोळा वर्षांची. आरतीला तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागे. विहिरीवर हे गाणे गुणगुणताना आत्याने तिला ऐकले आणि तिची पेटी माळ्यावर गेली, ती कायमची. पुढे लग्न होऊन ती डिचोलीला गेली.

मागच्या चवथीला आम्ही घरी जमलो होतो. भाचीने मोबाइलवर नेमके हेच गाणे लावले. आतेबहीण नेवऱ्या भरत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण अंतऱ्याला ती हळूच गाण्यात शिरली. सूर अजून जागेवर होता. नंतरचे ते उपदेशाचे गाणे कसे आहे, असे भाचीने विचारले, तर तिला आठवेना. मलाही चाल सुरू करता आली नाही.