चैत्र, देवी आणि आमची लेकरे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे मंडळाच्या अध्यक्षाबाईंनी दोनदा सांगितले, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कैरीच्या डाळीची कृती मागितली असती तर लगेच लिहून दिली असती. पण त्यांना इतिहासाचे काहीतरी हवे होते, आणि इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, असेच मला आजवर वाटत आले. यंदाच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मात्र एक लहानशी गोष्ट घडली आणि लिहायला बसले.

गौर झोपाळ्यात बसवली होती. डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, सगळे नेहमीप्रमाणे. वडीलधाऱ्या बायकांच्या हातांना मी चंदनाची उटी लावून शिंपल्याने रेघा ओढत होते. सासूबाईंची बाही वर सरकली, तेव्हा शेजारची नवी सूनबाई म्हणाली, "आजी, इथे भाजले होते का हो?" दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण आहेत. सासूबाई म्हणाल्या, "भाजले नाही गं, देवी काढल्यात." त्या पोरीला काही उमगले नाही. "देवी काढल्यात म्हणजे?"

आम्ही चाळिशीच्या बायका मात्र आपापले दंड दाखवू लागलो. आमच्याही देवी, आमच्याही देवी! भगिनींनो, हसू नका, मीही काही वर्षांपूर्वीपर्यंत असेच समजत होते. आपल्या दंडावरची खूण देवीची नाही, ती क्षयाच्या लसीची, म्हणजे बीसीजीची. देवीचा रोग आपण जन्मलो तोवर देशातून गेला होता. सासूबाईंच्या पिढीने त्याला पाहिले आहे.

तो रोग यायचा तो याच दिवसांत. गुढीपाडव्याला कडुलिंबाची पाने खायची, रामनवमीचा सुंठवडा वाटायचा, आणि त्याच सुमारास कुठल्या तरी घराच्या दारावर लिंबाचा डहाळा लागायचा. बंगालीत तर या रोगाचे नावच 'वसंत'. कोरड्या हवेत तो वाढे, लग्नकार्ये आणि जत्रा याच दिवसांत असल्यामुळे माणसांबरोबर गावोगाव जाई, आणि पावसाळा लागला की ओसरे. मुलाला रोग झाला असे कोणी म्हणत नसे. 'देवी आल्या' म्हणत. पाहुणीच ती. मग घरात फोडणी द्यायची नाही, कांदालसूण नाही, केस विंचरायचे नाहीत, परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. लेकराला लिंबाच्या पाल्यावर निजवायचे आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. यातले काही शहाणपणाचेही होते. परके माणूस आत आले नाही म्हणजे रोगही बाहेर गेला नाही. पण देवीवर औषध नव्हते. लागण झालेल्यांपैकी शेकडा वीस-तीस माणसे दगावत, जगलेल्यांची तोंडे वणांनी भरत, कित्येकांचे डोळे जात. आईच्या हातात हात जोडण्यापलीकडे काय होते?

इंग्लंडात एडवर्ड जेन्नर नावाच्या डॉक्टरने १७९६ साली एक गोष्ट करून पाहिली. धार काढणाऱ्या बायकांना गाईच्या आचळांवरच्या फोडांची लागण होते आणि त्यांना पुढे देवी येत नाहीत, असे खेड्यातले लोक म्हणत. त्याने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस घेऊन आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचली, आणि त्या मुलाला देवी आल्या नाहीत. हे ज्ञान मुळात धार काढणाऱ्या बायकांचे, एवढे मला येथे नमूद करावेसे वाटते.

ती लस बगदाद, बसरा या वाटेने आपल्या मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. हिंदुस्थानात लस लागू झालेले हे पहिले माणूस. तिच्या दंडावर फोड आला, त्यातली लस पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना दिली, आणि तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. बर्फाच्या पेट्या नव्हत्या. एका लेकराच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती जिवंत ठेवावी लागे. परक्याच्या मुलाच्या फोडातले पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालू द्यायचे, हे त्या काळच्या आयांना किती जड गेले असेल! जातपात, शिवाशीव सगळे आडवे येई. म्हैसूरच्या राजस्त्रियांचे १८०५ सालचे एक चित्र आहे. त्यातील एक राणी दंडावरचे वस्त्र सरकवून टोचल्याची जागा दाखवते आहे, प्रजेची भीड मोडावी म्हणून ते काढवले असावे, असे काही अभ्यासक सांगतात. पुढे वासरांवर लस तयार करू लागले, तेव्हा दंडोदंडीची ही पद्धत मागे पडली. १८८०मध्ये टोचण्याचा कायदाही झाला.

लोकांनी मात्र आपल्या परीने समेट केला. रोगाचे नाव देवी, आणि टोचण्याचे नावही 'देवी काढणे'. टोचणारा तो 'देवी डॉक्टर'. देवीला घराबाहेर घालवले असे कोणाला वाटू नये, म्हणूनच जणू.

उन्हाने लस खराब होई म्हणून देवी डॉक्टर थंडीत येत, आणि रोग येई चैत्रात. थंडीत ज्या घराने मूल पुढे केले नाही, त्या घराचा हिशेब पुढे दोन-तीन महिन्यांनी व्हायचा. सासूबाईंच्या माहेरी तसाच झाला. ही हकीकत त्यांनी त्या दिवशी, उटी वाळेपर्यंत, सगळ्यांसमोर पहिल्यांदा सांगितली. मलाही ती तोवर अर्धीच ठाऊक होती.

त्या सात वर्षांच्या होत्या. तीन बहिणींच्या पाठीवर नवसाने झालेला भाऊ, दोन वर्षांचा. गावात टोचायला माणसे आली. दातेरी चक्रीसारखे हत्यार दंडावर टेकवून पिळत, मुले किंचाळत. आजीने नातवाला माळ्यावर, कणगीच्या आड, चुलतीच्या मांडीवर लपवले आणि तोंडात गूळ दिला, रडू नये म्हणून. मुलींना पुढे केले. "पोरींना टोचा, त्यांना काय होतंय!" तिघींचे दंड सुजले, ताप आला, खपल्या पडल्या. ही १९५८ सालच्या सुरुवातीची गोष्ट. त्याच वर्षी चैत्रात भावाला देवी आल्या. आजीने अकरा दिवस पाणीसुद्धा उभ्याने प्यायले नाही, देवीपुढून हलली नाही. बाराव्या दिवशी तो गेला. तिघी बहिणी त्याच खोलीत वावरत होत्या, त्यांच्या अंगावर पुटकुळीसुद्धा उठली नाही.

"आजी वाईट नव्हती गं," सासूबाई म्हणाल्या. "तिचा सगळ्यांत जास्त जीव त्याच्यावर होता."

यावर कोणी काही बोलले नाही. मला मात्र २००९ सालचा चैत्र आठवला. माझी धाकटी तेव्हा अडीच वर्षांची. ताप, खोकला, डोळे लाल, आणि चौथ्या दिवशी कानामागून लाल पुरळ. गोवर. सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, आणि पदर खोचून म्हणाल्या, "चल, रिक्षा बोलाव." दवाखान्यात लसीचे कार्ड मागितले. नवव्या महिन्यातला गोवराचा रकाना कोरा होता. त्या महिन्यात मी भावाच्या लग्नाला माहेरी गेले होते, मग पाऊस लागला, मग राहूनच गेले. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. गोवर छातीत उतरला होता. नऊ दिवस पोर दवाखान्यात होती. सासूबाई रागावल्या नाहीत. रात्री खाटेशी बसून एवढेच म्हणाल्या, "मुलाच्या वेळी विसरली नव्हतीस."

ते खरे होते. थोरल्याचे कार्ड पूर्ण भरलेले होते. पोरगी बरी झाली, आज कॉलेजात जाते. पण ते वाक्य माझ्याजवळ राहिले आहे. गोवर अजून गेलेला नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत साथ आली, तेव्हा लस न घेतलेली मुले दगावल्याचे आपण सगळ्यांनी वाचले.

देवी मात्र गेल्या. १९६२पासून देशभर मोहीम चालली. १९७४ साली बिहारकडे भयंकर साथ उसळली, तेव्हा कामगार मंडळी देवी आलेल्या मुलाचे चित्र हातात घेऊन दारोदार विचारत फिरली. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस असे. ते पुढे हजार रुपयांपर्यंत गेले. मे १९७५मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. एप्रिल १९७७मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी सारे जग. या रोगाची जी जास्त घातक जात होती, तिची नैसर्गिकरीत्या लागण झालेली शेवटची रोगी बांगलादेशातली रहिमा बानू, १९७५ सालची. तीही तीनेक वर्षांचीच मुलगी, आणि ती वाचली.

सासूबाईंना मी हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी देवघराकडे पाहून हात जोडले. श्रावणातली शीतळासप्तमी त्यांनी आजही सोडलेली नाही, त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटत नाही, सगळे शिळे आणि गार.

मंडळाच्या खोलीत महिन्यातून एकदा परिचारिकाबाई लशी द्यायला येतात, हे आपणांस ठाऊकच आहे. दाराशी राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन बसतात त्या आमच्या सासूबाई. कडेवर लेक घेऊन आलेल्या आईला त्या विचारतात, "मुलगा कुठाय?" आणि मुलगा घेऊन आलेलीला विचारतात, "मुलगी कुठाय?"