'लोहित'चा परवाना

लग्नसराईत जळगावच्या डीटीपीच्या दुकानांत एक प्रसंग हमखास घडायचा. धुळ्याहून कुणी पाहुणे पेनड्राइव्हमध्ये पत्रिका घेऊन यायचे. तिकडे सगळी जुळणी झालेली असायची: कुलदैवताचं नाव, मुहूर्ताची घटिका, दोन्हीकडच्या काका-मामांची लांबलचक यादी. इकडे फाईल उघडली की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं सांडलेली. ऑपरेटर मान वर न करता सांगायचा, "भाऊ, तुमना फॉन्ट आठे नई शे."

कृतिदेवसारख्या त्या काळच्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र असे. 'इ'च्या जागी म, 'जे'च्या जागी र, 'के'च्या जागी काना, मोठ्या 'बी'च्या जागी ठ आणि 'एच'च्या जागी दुसरी वेलांटी. फॉन्ट असला तर वाचायचं 'मराठी', नसला तर 'इ जे के बी एच'. मग एरंडोल-पारोळ्यावरून आलेली ती पत्रिका पुन्हा टाइप करायची, नाहीतर धुळ्याच्या दुकानातून फॉन्टची फाईल मागवायची. मीही अशा फाईली खिशात घालून नेल्या आहेत. हा फॉन्ट कुणी घडवला आणि तो असा या दुकानातून त्या दुकानात न्यायची आपल्याला मुभा आहे का, हे मी कधी विचारलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

ती मुभा कागदावर लिहिली की तिला परवाना म्हणतात. त्या शब्दाचं कूळ आधी बघू.

परवाना फारसीतला. अर्थ लेखी हुकूम, वरून खाली येणारा कागद. 'परवानगी' ही त्याच घरातली. फारसी दप्तर खानदेशाला नवं नव्हतं. फारुकी सुलतानांची गादी आधी तापीकाठच्या थाळनेरला होती, आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात. मग ती बऱ्हाणपूरला गेली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि दप्तर मोगलांचं झालं. पुढे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले आहेत. १६२८ च्या पत्रात फारसी शब्द शेकडा पंच्याऐंशीच्या वर, १७२८ च्या पत्रात शेकडा सहा. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी तिथे उभं राहिलं. एवढी छाटणी होऊनही परवाना मराठीत राहिला. आज सरकारी कागदावर 'अनुज्ञप्ती' असतं, धुळ्याचा एमएच १८ असो की जळगावचा एमएच १९, अर्जावर तोच शब्द. रांगेत उभा असलेला माणूस लायसन म्हणतो. मला मात्र परवाना हाच शब्द बरोबर वाटतो, कारण तो उच्चारताच देणारा कोण हा प्रश्न मनात उभा राहतो. पुढची सगळी गोष्ट त्याच प्रश्नाची आहे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त बसवला गेला. कविता आणि कोड एका रांगेत आले. लिहिल्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा. दुसऱ्याने नक्कल करायची, बदल करायचा, वाटायचं, तर त्याच्याकडून परवाना हवा. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांना ऐंशीच्या सुमारास एका लेझर प्रिंटरचा मूळ कोड हवा होता, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा एवढ्यासाठी. कोड मिळाला नाही. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना लिहिला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्याची युक्ती अशी की मालकी सोडायची नाही, पण त्याच मालकीच्या जोरावर सांगायचं: घ्या, बदला, वाटा, मात्र बदललेलं वाटाल तेव्हा तेही याच अटीवर. जो कागद अडवायला वापरला जात होता तोच वाट मोकळी करायला लागला.

आता लोहित नावाचे फॉन्ट. लोहित म्हणजे तांबडा, आणि हे फॉन्ट वाटणारी कंपनी रेड हॅट, तांबडी टोपी. नावात तेवढा धागा आहे. फॉन्ट पुरवले पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ज्यांची श्रीलिपी आपल्या छापखान्यांना पाठ आहे त्याच घराने. २००४ मध्ये रेड हॅटने ते जीपीएलखाली खुले केले. हे नव्या युनिकोड पद्धतीचे फॉन्ट होते. 'म'ला स्वतःचा क्रमांक, 'ठ'ला स्वतःचा. त्यामुळे फॉन्ट बदलला तर वळण बदलेल, मजकूर इंग्रजी होणार नाही. देवनागरीसोबत बंगाली, गुजराती, तमिळ अशा लिपींचे फॉन्ट त्या घराण्यात होते. मराठीसाठीही वेगळा फॉन्ट होता, आणि ते मला मोलाचं वाटतं. मराठी वाचणाऱ्याचा ल आणि श हिंदी वळणाचा नसतो. शाळेत गिरवलेला ल पुस्तकात वेगळा दिसला की लहान मूल अडखळतं.

पण जीपीएल लिहिला गेला होता प्रोग्रामसाठी, आणि फॉन्टचं वागणं वेगळं असतं. तुम्ही पत्रिकेची पीडीएफ करता तेव्हा वापरलेली अक्षरं त्या पीडीएफच्या पोटात जाऊन बसतात, म्हणून तर ती कुठेही तशीच दिसते. मग प्रश्न येतो: जीपीएलचा फॉन्ट पोटात असलेली पत्रिकाही जीपीएलखाली गेली का? कवितासंग्रह गेला का? कोर्टात द्यायचं प्रतिज्ञापत्र? हा गोंधळ टाळायला जीपीएलच्या फॉन्टांना अपवादाचं एक कलम वेगळं जोडावं लागे. ज्याला फॉन्ट आपल्या फोनमध्ये किंवा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा आहे त्याच्या वकिलाला ते जोडकलम वाचून पुन्हा शंका येणारच.

एसआयएल ही जगभरच्या छोट्या भाषांवर काम करणारी संस्था. तिने खास फॉन्टांसाठी ओपन फॉन्ट लायसन लिहिलं. २००७ मध्ये आलेली त्याची १.१ ही आवृत्ती आज सर्वत्र चालते. फॉन्ट घ्या, बदला, वाटा, सॉफ्टवेअरसोबत विका. नुसता फॉन्ट तेवढा सुटा विकू नका. बदललेला फॉन्ट याच परवान्याखाली राहील. मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव बदललेल्या फॉन्टला देऊ नका. आणि या फॉन्टात तुम्ही जे लिहाल त्याला ही अट लागू नाही, असं स्वच्छ लिहिलेलं. सप्टेंबर २०११ मध्ये लोहितचे फॉन्ट जीपीएलमधून या परवान्यात आले.

अक्षराची एक रेघ हलली नाही, बदलली ती सोबतची मजकुराची फाईल. पण त्याच वर्षाच्या अखेरीस भारतीय भाषांच्या विकिपीडियांवर वेबफॉन्टची सोय आली आणि तिच्या साठ्यात लोहितही होता. वेबफॉन्ट म्हणजे वाचणाऱ्याच्या यंत्रावर फॉन्ट नसला तर पानासोबत फॉन्टही पाठवायचा. मी खिशात घालून जे न विचारता नेलं तेच, आता राजरोस.

हा बदल रेड हॅटला एका निर्णयात करता आला, कारण हक्क एका हातात होता. हक्क अनेकांत वाटलेला असला की काय होतं हे समजायला आमच्या धुळ्याकडची फड बागायत पाहावी. पांझरेसारख्या नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालच्या शिवाराचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात यंदा ऊस, कुठल्यात गहू, हे शेतकरी मिळून ठरवतात. पाणी सोडतो पाटकरी, राखण करतो जागल्या. ही रीत काही शतकांची आहे. एकट्याच्या मनात आलं म्हणून फडाची पाळी बदलत नाही.

ज्या प्रोग्राममध्ये शेकडो जणांनी आपापला कोड घातला आणि हक्क आपापल्याकडे ठेवला, त्याचा परवाना असाच असतो. व्हीएलसी हा व्हिडिओ बघायचा प्रोग्राम आपल्याकडे घरोघर आहे. त्याच्या इंजिनाचा परवाना २०११-१२ मध्ये जीपीएलमधून सौम्य एलजीपीएलमध्ये नेताना जुन्या लेखकांना एकेक करून शोधावं लागलं, संमती घ्यावी लागली. मोझिलालाही त्याआधी हेच करावं लागलं होतं. उलट बर्कलीच्या विद्यापीठाच्या बीएसडी परवान्यात एक कलम होतं की या सॉफ्टवेअरची जाहिरात कराल तर विद्यापीठाचा उल्लेख करा. इतरांनी तेच कलम आपापल्या नावाने लावलं. १९९७ च्या नेटबीएसडीत अशी ७५ वाक्यं स्टॉलमन यांनी मोजली होती. विद्यापीठाच्या कोडवरचा हक्क विद्यापीठाचा, म्हणून २२ जुलै १९९९ रोजी एका पत्राने त्याने आपलं कलम काढून टाकलं. इतरांची वाक्यं ज्याची त्याने काढायची होती.

एकाच हातातला हक्क वाट मोकळी करतो तसा बंदही करू शकतो. गेल्या काही वर्षांत तेच झालं. २०१८ मध्ये मोंगोडीबी, २०२१ मध्ये इलॅस्टिक, २०२४ मध्ये रेडिस, या माहिती साठवण्या-शोधण्याच्या सॉफ्टवेअरांच्या कंपन्यांनी आपले खुले परवाने आवळले. टेराफॉर्मचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. जळगाव-धुळ्याची अभियांत्रिकी झालेली मुलं पुण्या-बंगळुरात ज्या कामाला लागतात, त्यात शेकडो सर्व्हर कसे उभे करायचे हे लिहून ठेवण्याचं हे साधन. हॅशिकॉर्प या कंपनीने २०१४ मध्ये ते मोझिलाच्या खुल्या परवान्याखाली आणलं. बाहेरच्या लोकांनी त्यात कोड घातला, पण घालताना कंपनीचा करार मान्य करून, म्हणजे परवाना बदलायची मुभा आधीच कंपनीच्या हाती देऊन. १० ऑगस्ट २०२३ रोजी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या आवृत्त्या बिझनेस सोर्स लायसनखाली येतील. कोड दिसेल, वापरताही येईल, पण आमच्याशी स्पर्धा करणारा धंदा त्यावर उभारायचा नाही; चार वर्षं उलटली की ती आवृत्ती खुली होईल.

कंपन्यांची बाजू खोटी नाही. क्लाउडचा धंदा करणारी बडी घरं हे काम घेऊन भाड्याने देतात आणि ज्याने राबून केलं त्याच्या पदरात काही पडत नाही, ही तक्रार रास्त आहे. पण ज्यांनी खुलं समजून फुकट मेहनत दिली त्यांना न विचारता पाळी बदलली, हे मला पटत नाही. फडात हे चाललं नसतं.

मात्र दिलेला परवाना मागे घेता येत नाही. कालपर्यंतच्या आवृत्त्या कालच्याच अटींवर राहतात. टेराफॉर्मची शेवटची खुली आवृत्ती घेऊन लोकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू सुरू केलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. रेडिसमधून असंच व्हॅल्की निघालं. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल हा खुला परवाना पुन्हा दिला.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं त्या बोलायच्या. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं तेवढं राहिलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, १९५२ मध्ये संग्रह निघाला. आपल्या कायद्यातली साठ वर्षांची मुदत त्या प्रकाशनापासून धरली तरी २०१२ च्या अखेरीस संपली. आज तो संग्रह, लोहित किंवा 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त'सारख्या खुल्या फॉन्टात, कुणीही कुणालाही न विचारता छापू शकतो. ही सोय व्हायला एका बाजूला साठ वर्षं थांबावं लागलं. दुसऱ्या बाजूला हक्कदाराने एक फाईल बदलली.

खानदेशात आज बरेच जण अहिराणीचे शब्द गोळा करत आहेत, म्हाताऱ्या आयाबायांच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करत आहेत. त्यांतले कितीतरी संग्रह परवान्याच्या एका ओळीविना पडून असतात. गोळा करणारा गेला की वारसांना शोधत बसायचं, आणि तोवर हात लावायची सोय नाही. तेव्हा ज्यांच्याजवळ अशी वही आहे, अशी फाईल आहे, त्यांनी एवढं करावं. जिच्या तोंडून ओवी घेतली तिला विचारून घ्यावं, तिचं नाव लिहावं, आणि पहिल्याच पानावर स्वतःच्या हाताने, आजच्या तारखेसह लिहावं की हे कुणी, कशासाठी, कुठल्या अटीवर वापरायचं.