कुलेआना: हक्क, जबाबदारी आणि जमिनीचा तुकडा

मेरी कावेना पुकुई आणि सॅम्युएल एल्बर्ट यांच्या हवाईयन शब्दकोशात ‘कुलेआना’ या शब्दापुढे अर्थांची भलीमोठी रांग आहे. हक्क, जबाबदारी, मालकी, अधिकार, कारण, जमिनीचा लहानसा तुकडा. इतकंच काय, ज्याच्यामुळे दूरचं नातं लागतं तो रक्ताचा नातेवाईकही कुलेआनाच.

हे अर्थ एकाच शब्दात नांदत होते, कारण जगणंच तसं होतं. हवाईत डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जाणाऱ्या जमिनीच्या पट्ट्याला अहुपुआआ म्हणत. तिथली रयत अळूची पाणथळ खाचरं पिकवी, सरदारासाठी श्रम करी आणि त्याला पिकाचा वाटा पोचवी. पाटाच्या दुरुस्तीला हात लावला, तर त्या प्रमाणात पाणी मिळे. जमीन विकण्याची मात्र कुणाला कल्पनाच नव्हती.

१८४८ मध्ये ती आली. राजा तिसरा कामेहामेहा आणि त्याचे सरदार यांच्यात जमिनीची वाटणी झाली, हीच ‘माहेले’. ६ ऑगस्ट १८५० च्या कायद्याने रयतेला स्वतः कसलेल्या जमिनीची मालकी मिळू लागली आणि त्या तुकड्यांना नाव पडलं कुलेआना. त्याच वर्षी जुलैमध्ये परदेशी लोकांनाही जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली होती.

रयतेच्या हाती आलं किती? बेटांच्या सुमारे चाळीस लाख एकरांपैकी जेमतेम अठ्ठावीस हजार, म्हणजे एक टक्काही नाही. दावा मुदतीत नोंदवायचा, साक्षीदार आणायचे, मोजणीचा खर्च सोसायचा. त्यातच १८४८-४९ मध्ये गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लुएंझाच्या साथींनी हजारो माणसं गेली. पुढे उसाचे मळे पसरले, वारसांचे हिस्से वाढत गेले, आणि कित्येक कुलेआना कोर्टकचेरीत हातचे गेले. शब्दातला ‘जमीन’ हा अर्थ कागदावर उतरला आणि तिथेच तो सर्वात दुबळा ठरला. ही या इतिहासातली सर्वात मोठी हानी.

भाषेचंही तेच झालं. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं. हवाईयनला राज्यभाषेचा दर्जा मिळायला १९७८ उजाडलं. शब्द मात्र तगला. आज हवाईत इंग्रजी बोलणारी माणसंही ‘हे माझं कुलेआना’ असं सहज म्हणतात, तेव्हा त्यांना अभिप्रेत असते ती बहुधा जबाबदारी.

१८५० च्या कायद्यातलं सातवं कलम इथे आवर्जून सांगायला हवं. रानावनातले हक्क तोडले, तर नुसत्या तुकड्याच्या मालकीला फारसा अर्थ नाही, हे खुद्द राजाने ओळखलं होतं. म्हणून सरपण, घराचं लाकूड, छपराचं गवत, ‘टी’ नावाच्या झाडाची पानं, पिण्याचं आणि वाहतं पाणी, जाण्यायेण्याची वाट, हे सगळं रयतेसाठी राखलं गेलं. हवाई आता अमेरिकेचं राज्य आहे; ते कलम तिथल्या कायद्यात आजही लागू आहे.