अरणचा मळा आणि पंढरीला न गेलेला माळी



आज खत-फवारणीची नोंद नाही. आषाढी झाली, आता वद्य चतुर्दशी आली की अरणला सावता महाराजांची पुण्यतिथी. आपल्याच माढा तालुक्यातला माणूस. विहिरीवर भाजी पिकवणारा, बायका-पोरांत राहिलेला. ‘कर्म हीच भक्ती’ एवढं एक वाक्य त्यांच्या नावावर टाकून आपण मोकळे होतो. पण त्यांच्या शेतीचा हिशोब कुणी मांडत नाही. तो शेतकऱ्यानंच मांडायला पाहिजे.

आधी माणूस बघू. परंपरेनं सांगितलेला जन्म १२५० चा, आणि समाधी आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७, म्हणजे १२९५. उणंपुरं पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य. आजोबा दैवू माळी बाहेरून येऊन अरणला स्थायिक झाले. वडील परसू, आई नांगिताबाई. बायको जनाबाई शेजारच्या भेंड गावची. मुलगा विठ्ठल, मुलगी नागू. घर वारकऱ्यांचं, आजोबा पंढरीची वारी करायचे. काळ देवगिरीच्या यादवांचा. ज्ञानेश्वर माउलींपेक्षा सावता महाराज पंचवीस वर्षांनी मोठे आणि नामदेव महाराजांपेक्षा वीस. माउलींनी समाधी घेतली १२९६ ला, त्याच साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. म्हणजे सावतोबा गेले ते बऱ्या दिवसांच्या शेवटी गेले.

अभंग आज सदतीस-एक सापडतात. ते लिहून ठेवले काशिबा गुरवांनी, म्हणून राहिले. चरित्र मात्र आपल्याला ठाऊक आहे ते बरंचसं महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथामुळं, आणि तो आहे १७६२ चा. मधे साडेचारशेच्या वर वर्षं गेली. म्हणून चरित्रातलं काय श्रद्धेचं आणि काय शेतातलं, हे जरा निवडून घ्यावं लागतं. निवडायचं म्हणजे टाकायचं नाही. शाळू पाखडताना आपण पाखडतो तसं, दोन्ही ढीग आपलेच.

आता मुद्द्याचं. अरणपासून पंढरपूर चालत एका दिवसाच्या टप्प्यावर. आजोबा वारी करायचे, मग नातू का गेला नाही? कीर्तनात उत्तर मिळतं की त्यांना मळ्यातच पांडुरंग दिसला. खरंच आहे, त्यांचे अभंगच तसं सांगतात. पण मला अजून एक कारण दिसतं आणि ते पाण्याचं आहे.

आपला पट्टा रब्बीचा. खरा पेरा भाद्रपद-आश्विनात, हस्ताच्या पावसावर शाळूचा. त्यामुळं आषाढात जिरायतवाल्या माणसाचा हात तसा मोकळा असतो. कुळवून रान तयार ठेवलं की आठ-पंधरा दिवस वारीला जाता येतं. आजही आपल्याकडचे वारीतले निम्मे चेहरे बघा, कोरडवाहूवालेच जास्त. पण ज्याची विहिरीवर भाजी आहे त्याला ती मोकळीक नाही. मेथी, कोथिंबीर, मुळा ही पिकं चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी मागतात. पाऊस ओढ देतो तो नेमका आषाढात. वाफा एकदा सुकला की सुकला. आणि अरण नदीकाठाला नाही, भीमा एकीकडं, सीना दुसरीकडं, मधल्या माळावर गाव. तिथं पाणी म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे मोट.

तरण्या पोरांनी मोट बघितलेली नाही, म्हणून थोडं सांगतो. चामड्याची मोट, तिला वरून नाडा, खालच्या सोंडेला बारीक दोरी. बैल धावेवरून उतरायला लागले की मोट वर यायची, पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटात, पाटातून वाफ्यात. बैल परत मागं न्यायचे, की पुन्हा तेच. एक माणूस बैलांमागं, दुसरा दारं धरायला. जुनी माणसं सांगायची की अख्खा दिवस मोट हाकली तरी पंधरा-वीस गुंठ्यांच्या पुढं भिजायचं नाही. म्हणजे एकरभर मळ्याला दोन-तीन दिवस, आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला पुन्हा वाळत आलेला. हे चाक थांबवून माणूस जाणार कधी? सावता महाराजांच्या अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी यांतच पंढरी भरून राहिल्याचं येतं. बागायतदाराच्या कानाला तो अभंग वेगळा लागतो. देव मळ्यात यावा अशी ओढ त्यालाच लागणार, ज्याला मळा सोडता येत नाही.

माझा हा तर्क आहे, कीर्तनकारांनी रागावू नये.

दुसरी गंमत पिकांची. त्यांच्या भाजीवरच्या प्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या बरोबर मिरचीही येते. कृषीवाल्या मंडळींच्या हे लगेच ध्यानात येईल. मिरची मूळची अमेरिकेकडची. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ ला, आणि पोर्तुगीजांनी मिरची आपल्याकडं आणली ती त्यानंतर. सावता महाराज जाऊन तवा दोनशे वर्षं झालेली. मग तेराव्या शतकातल्या मळ्यात मिरची कुठली? नाव आलं ते ‘मिरी’वरून, पण काळी मिरी काही माढ्याच्या रानात येत नाही. मला वाटतं पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी ती घातली. मिरचीशिवाय मळा कसा, असं वाटलं असेल. त्यात वाईट काही नाही. माणसांनी अभंगात आपापला मळा बघितला, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिशोबानं टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग, पेरू, पपई यातलंही काही त्यांच्या मळ्यात नव्हतं. तिखटाला आलं, मिरी, पिंपळी यांवर भागत असणार, आणि मिरी-पिंपळी विकतची.

घरचंही बघू, कारण प्रपंची संत म्हणून आपण त्यांना मानतो. एक गोष्ट सांगतात. सासुरवाडीची माणसं आली आणि सावता महाराज भजनात दंग, पाहुण्यांकडं बघेनात. जनाबाई रागावल्या. मग महाराजांनी प्रपंचात राहून परमार्थ कसा करावा ते अभंगातून समजावलं आणि त्या शांत झाल्या. मी ह्या गोष्टीत जनाबाईंच्या बाजूचा आहे. माहेरची माणसं दारात आणि धनी टाळ घेऊन बसलेला, कुणाला राग येणार नाही? भजन चालू असताना चूल, पोरं, पाहुणे आणि बैलांचं वैरण-पाणी कुणी केलं, हे चरित्रात येत नाही. ते आपण आपल्या घरात बघून ओळखायचं.

मग ती कूर्मदासांची कथा. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले, सरपटत पंढरीकडं निघाले आणि लऊळपर्यंतच पोचले. एकादशी गाठता येईना, म्हणून पांडुरंगच त्यांच्या भेटीला निघाला, बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत देव सावतोबांच्या मळ्यात शिरला आणि मला लपव म्हणाला. महाराजांनी खुरप्यानं छाती उघडून आत घेतला. लऊळला कूर्मदासांचं मंदिर आहे, आपल्यातले बरेच जण जाऊन आलेत. दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यातल्या आणि दोन्ही पंढरीला न पोचलेल्या माणसांच्या. एकाला शरीरानं अडवलं, दुसऱ्याला पाण्यानं.

आता उजनी आली. १९८० ला धरण पुरं झालं, एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृत. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं दगडी मंदिर उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. त्या काठाची गावं उठली, रानं बुडाली, आणि त्याच पाण्यावर बाकीच्यांचा ऊस उभा राहिला. मोट गेली, मोटार आली. पण सुट्टी आली का? लाईट रात्री बाराला येते, माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. ठिबक केलेल्यांना थोडी उसंत आहे, ऊस पाटानं भिजवणाऱ्याला नाही. काठावरची म्हातारी माणसं वारीला जातात ती मागं मोटार बघायला पोरगा असेल तरच.

बाकी संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपूरला जातात. अरणहून सावता महाराजांची पालखी जात नाही. पुण्यतिथीला पांडुरंगाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. समाधी त्यांच्या मळ्यातच आहे. सोहळ्यात श्रीफळ हंडी असते, नारळ बांधून केलेली, ती एकदा तरी बघावी. सोलापूर हायवेनं येणारांना मोडनिंबच्या अलीकडं अरणचा फाटा लागतो. गर्दी असते, गाडी लांब लावा. आणि ज्यांची पाण्याची पाळी त्या दिवशी असेल त्यांनी शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.