शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया

रिसोड आणि आसपासचा मुलूख पूर्वी वऱ्हाडातील बासीम जिल्ह्यात मोडत असे. 1905 मध्ये तो जिल्हा मोडून हा भाग अकोल्यात विलीन करण्यात आला. कापसामुळे वऱ्हाडात मजूर बाहेरून येत असत, म्हणून मजुरीसाठी समुद्रापार जाणाऱ्या मराठी माणसांचा मुख्य ओघ येथून नव्हे, तर रत्नागिरीसारख्या किनारी जिल्ह्यांतून, मुंबई बंदरामार्गे मॉरिशसकडे वाहिला. तथापि परक्या देशात निघालेल्या स्त्रीवरील लैंगिक अत्याचार हा किनाऱ्यापुरता विषय न राहता साऱ्या हिंदुस्थानच्या राजकारणाचा प्रश्न झाला, आणि तो सरकारदरबारी धसास लावण्यात एका कोकणी माणसाचा वाटा मोठा होता.

1834 पासून मॉरिशसला आणि पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथे मजूर ‘गिरमिटा’वर नेले जात. गिरमिट म्हणजे ठरावीक वर्षांचा, बहुधा पाच वर्षांचा, मजुरीचा करार. तो मोडणे हा नुसता व्यवहारातला कसूर नसून तुरुंगवासाचा गुन्हा ठरत असे. मळेवाल्यांना पुरुषांचे हात हवे असत, त्यामुळे सरकारने शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया नेण्याचा दंडक घातला. हा आकडा भरून काढण्यासाठी ‘आरकाटी’, म्हणजे भरती करणारे दलाल, विधवा, टाकलेल्या आणि घरातून बाहेर पडलेल्या स्त्रिया हेरीत. स्त्रियांच्या सोयीसाठी म्हणून केलेल्या या नियमाने त्यांना अडीचपट पुरुषांच्या गर्दीत आणून सोडले, हे या व्यवस्थेचे मूळ पाप होय.

जहाजावर एकट्या स्त्रियांना वेगळ्या भागात ठेवण्याचा नियम होता, परंतु महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रवासात खलाशी आणि अधिकारी यांच्यापासून त्यांना कोण वाचवणार, हा प्रश्न नियमात सुटत नव्हता. 1885 मध्ये ‘अ‍ॅलनशॉ’ या जहाजावरून गयानाला निघालेली महाराणी नावाची स्त्री प्रवासातच मरण पावली; मरण्यापूर्वी तिने दोन खलाशांनी बलात्कार केल्याचे सांगितले होते. पुढे चौकशी झाली, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. मळ्यावर पोहोचल्यानंतरही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. फिजीतील ‘लाइन’, म्हणजे मजुरांच्या खोल्यांची रांग, सुमारे दहा फूट लांब आणि सात फूट रुंद खणांची असे, आणि मधली भिंत छतापर्यंत पोहोचत नसे. अशा ठिकाणी एकांत नव्हता आणि संरक्षणही नव्हते. हाताखालच्या स्त्रीला कोणते काम, कुठे आणि कोणासोबत द्यायचे, हे मुकादमाच्या हाती असल्यामुळे कामाची वाटणी हेच धमकावण्याचे साधन बनले.

कुंतीची हकिगत नेमकी हेच दाखवते. 1913 च्या एप्रिलमध्ये फिजीतील एका मळ्यावर तिला इतर बायकांपासून दूर, केळीच्या बागेत एकटीला खुरपणीला पाठवण्यात आले; गोरा मुकादम अंगावर येताच ती निसटली आणि तिने नदीत उडी घेतली. एका मुलाने होडीतून तिला वाचवले. तिची कैफियत पुढील वर्षी ‘भारतमित्र’ या हिंदी पत्रात प्रसिद्ध झाली, तेव्हा फिजीच्या अधिकाऱ्यांनी तिचे म्हणणे खोटे ठरवून उलट तिच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले. सरकारी कागदपत्रांत गिरमिटी स्त्रियांच्या ‘अनीती’बद्दल जितके लिहिले गेले, त्या मानाने त्यांच्यावर जबरदस्ती करणाऱ्यांबद्दल फारच थोडे, संशोधकाने हे कागद वाचताना ही गोष्ट विसरता कामा नये.

तत्पूर्वी 4 मार्च 1912 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता, आणि त्यात स्त्री-पुरुषांच्या या प्रमाणावरही बोट ठेवले होते. सरकारी मतांच्या बळावर ठराव पडला. 1916 मध्ये सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन यांचा फिजीविषयीचा अहवाल आल्यावर लोकमत खवळले, आणि मुंबईच्या जाईजी पेटिट यांनी स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे नेण्यात पुढाकार घेतला. मार्च 1917 मध्ये नवी भरती थांबली आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले.