पॅट्रिक युइंग : आईने हॉस्पिटलच्या किचनमध्ये राबून अमेरिकेत नेलेला जमैकाचा पोरगा

प्रताप नगर (नागपूर) : जमैका म्हटलं की आपल्याकडे क्रिकेटवाले आठवतात. मायकल होल्डिंग, कोर्टनी वॉल्श, ख्रिस गेल. नाहीतर धावणारा उसेन बोल्ट. पण याच बेटावर जन्मलेला एक सात फुटी माणूस अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये १७ हंगाम खेळला. नाव पॅट्रिक युइंग. लीगचे विजेतेपद त्याला एकदाही मिळाले नाही, तरी त्याचे नाव आजही मोठ्या खेळाडूंत घेतले जाते.

नागपूर शहरात शाळा-कॉलेजच्या मैदानावर बास्केटबॉलचे कोर्ट दिसते. तालुक्याच्या गावात अजून कबड्डी, व्हॉलीबॉल अन् टेनिस बॉल क्रिकेटच. म्हणून आधी थोडं खेळाबद्दल. एका संघाचे पाच जण मैदानात असतात. जाळीची रिंग जमिनीपासून १० फूट उंच असते. सगळ्यात उंच खेळाडू रिंगजवळ उभा राहतो, त्याला सेंटर म्हणतात. समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवणे, म्हणजे ब्लॉक करणे, आणि रिंगला लागून परत आलेला चेंडू पकडणे, म्हणजे रिबाउंड घेणे, ही त्याची मुख्य कामे. युइंग सेंटर होता.

आई पुढे गेली, पोरं मागून

युइंगचा जन्म ५ ऑगस्ट १९६२ चा, जमैकाची राजधानी किंग्स्टन इथला. सात भावंडांत तो पाचवा. वडील कार्ल मेकॅनिक होते. घरची परिस्थिती बेताची. १९७१ मध्ये आई डोरोथी कामासाठी अमेरिकेत गेली आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला लागली. पैसे जमतील तसे तिने घरच्यांना तिकडे बोलावले. पॅट्रिकचा नंबर लागला १९७५ मध्ये, तेव्हा तो १२ वर्षांचा होता.

जमैकात तो क्रिकेट आणि फुटबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर. बास्केटबॉल तो अमेरिकेत आल्यावर शिकला. बोस्टनजवळच्या केंब्रिज शहरात माइक जार्विस या कोचच्या हाताखाली तो तयार झाला आणि त्याच्या शाळेने लागोपाठ तीन वर्षे राज्याचे विजेतेपद घेतले. पण काळा, उंच अन् बाहेरून आलेला, त्यामुळे दुसऱ्या गावी सामन्याला गेले की शिव्या ऐकाव्या लागत.

१९८१ मध्ये तो वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात गेला. तिथले कोच जॉन थॉम्पसन स्वतः सेंटर म्हणून व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले. इथे छळ आणखी वाढला. युइंगला वाचता येत नाही, असे फलक प्रेक्षक नाचवायचे. कोर्टवर केळीची सालं फेकली जायची.

खेळात त्याने उत्तर दिले. चार वर्षांत तीनदा संघ राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. १९८२ ला नॉर्थ कॅरोलायनाकडून ६३-६२ असा एका गुणाने पराभव झाला. तो शेवटचा निर्णायक बास्केट १९ वर्षांच्या मायकल जॉर्डनचा होता. त्या सामन्याच्या सुरुवातीला युइंगने रिंगकडे खाली येत असलेले चेंडू हाताने उडवले. नियमाने असे करता येत नाही, समोरच्याचे गुण धरले जातात. तरी समोरच्यांना धडकी भरवायची म्हणून तो उडवतच राहिला. सामना एका गुणाने गेला, हे लक्षात घेतले तर तो हिशेब महागातच पडला म्हणायचा. १९८४ मध्ये मात्र ह्यूस्टनला ८४-७५ ने हरवून विजेतेपद आले. १९८५ ला पुन्हा अंतिम फेरी, विलानोवाकडून ६६-६४ ने हार.

यादरम्यान १९८३ मध्ये आई गेली. हृदयविकाराचा झटका. पोराने शिकून डिग्री घ्यावी ही तिची इच्छा होती आणि त्याने तसा शब्द दिला होता. शिक्षण अर्धवट सोडून एनबीएत गेला असता तर लाखो डॉलर तयारच होते. तो गेला नाही. चार वर्षे पूर्ण करून १९८५ मध्ये ललित कलेची पदवी घेतली, मगच व्यावसायिक खेळाकडे वळला. फलक नाचवणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नव्हते.

न्यूयॉर्कची १५ वर्षे

त्या वर्षी एनबीएने पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून पहिल्या निवडीचा मान ठरवला. सात संघ, सात पाकिटे. मान मिळाला न्यूयॉर्क निक्सला आणि त्यांनी युइंगला घेतले. ते पाकीट आधी फ्रीजमध्ये थंड करून ठेवले होते, अशी अफवा तिकडे आजही चघळली जाते. पुरावा कोणी दिलेला नाही.

पहिल्याच हंगामात दुखापतीमुळे तो ५० च सामने खेळला, तरी वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १९८९-९० च्या हंगामात सामन्यामागे सरासरी २८.६ गुण. पण जॉर्डनचा शिकागो बुल्स वाटेत उभाच. १९८९, ९१, ९२, ९३ आणि ९६ अशा पाच वर्षी प्लेऑफमध्ये त्यांनीच निक्सला बाहेर काढले.

१९९४ मध्ये जॉर्डन खेळत नव्हता. निक्स अंतिम मालिकेत पोहोचले. समोर ह्यूस्टन रॉकेट्स आणि त्यांचा सेंटर हकीम ओलाजुवान, म्हणजे १९८४ च्या कॉलेज फायनलमधलाच जुना गडी. युइंगने मालिकेत ३० ब्लॉक केले, तरी सातव्या सामन्यात ९०-८४ असा पराभव झाला. पुढच्या वर्षी इंडियाना पेसर्सविरुद्ध सातव्या सामन्यात अगदी शेवटी रिंगजवळून टाकलेला चेंडू आत गेला नाही आणि ९७-९५ ने हार. डिसेंबर १९९७ मध्ये मनगट निखळले. १९९९ ला संघ पुन्हा अंतिम मालिकेत, पण टाचेवरच्या शिरेच्या दुखापतीने तो बाहेर. निक्स हरले.

नशीब की कमतरता, यावर तिकडे वाद चालूच असतो. आकडे बघा. ११ वेळा ऑल स्टार. १,१८३ सामने, २४,८१५ गुण, ११,६०७ रिबाउंड, २,८९४ ब्लॉक. निक्ससाठी सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याच्याच नावावर. अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यावर १९८४ आणि १९९२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके. १९९२ चा संघ म्हणजे प्रसिद्ध ड्रीम टीम, त्यात जॉर्डनही होता.

२००० मध्ये निक्सने त्याला सिएटलला पाठवले. पुढे एक हंगाम ऑरलँडोत खेळून २००२ मध्ये तो थांबला. त्याचा ३३ नंबर निक्सने कायमचा राखून ठेवला आहे. २००८ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. जॉर्जटाउनमधून त्याच्यानंतर आलेला सेंटर अलोन्झो मॉर्निंग याची किडनी निकामी झाली तेव्हा युइंग आपली किडनी द्यायला तयार झाला होता. शेवटी ती मॉर्निंगच्या नातेवाइकाने दिली.

मुख्य कोच व्हायची संधी एनबीएत मिळाली नाही, बरीच वर्षे सहायक म्हणूनच गेली. २०१७ मध्ये जॉर्जटाउनने त्याला मुख्य कोच केले. २०२१ ला संघाने बिग ईस्ट गटाची स्पर्धा जिंकली, पण पुढच्या हंगामात त्याच गटात १९ पैकी १९ सामने हरले. मार्च २०२३ मध्ये विद्यापीठाने त्याला पदावरून दूर केले. २०२४ पासून तो पुन्हा निक्ससोबत आहे, यावेळी संघाचा दूत म्हणून.